शालिकरामची बॅटरी आणि बाजूची खुर्ची

शालिकरामने आयुष्यात माणसांच्या तोंडांपेक्षा त्यांचे पायच जास्त पाहिले. नागपूरच्या महाल भागातल्या एका टॉकीजमध्ये तो डोअरकीपर होता. खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना अंधारातून खुर्चीपर्यंत नेणं हे त्याचं काम. हातात बॅटरी. टॉर्चला तिकडे बॅटरीच म्हणतात. नुसती चप्पल पाहून तो सांगायचा, हा गडी बायकोला घेऊन आलाय की बायकोला चुकवून.

त्याचा उजेड नेहमी खाली असायचा, चालणाऱ्याच्या पावलापुढे हातभर. काचेवर दोन बोटं आडवी धरायचा, म्हणजे झोत पसरत नसे. कोणाच्या तोंडावर उजेड मारणं त्याच्या लेखी कोणाच्या ताटात हात घालण्यासारखं होतं. या गोष्टीचा त्याला एवढा अभिमान, की प्रताप नगरातले शेजारी त्याला पाहून वाट बदलायचे. घरी पाहुणा आला तरी हा भरदिवसा जमिनीकडे हात करत पुढे चालायचा आणि खुर्ची दाखवून म्हणायचा, "या जी, इकडून दुसरी."

एकच खुर्ची त्याला आयुष्यभर साधली नव्हती, ती स्वतःची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने रुखमाबाईला हौसेने सिनेमाला नेलं, मधोमध बसवलं आणि "आलोच" म्हणून जो दाराशी गेला तो खेळ सुटल्यावरच उगवला. दरम्यान पडद्यावर आई मेली. रुखमाबाईला हुंदका आवरेना. नवरा येऊन बसला असेल म्हणून तिने बाजूच्या बाहीला डोळे पुसले, तर ती बाही तंबाखू मळत बसलेल्या एका ठेकेदाराची निघाली. बिचारा थोडा सरकून बसला. पण बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तिने सांगून टाकलं, "आता तुम्ही बाजूले बसाल तवाच येईन मी. नाहीतर तुमचा सिनेमा तुमच्यापाशी!"

बोलली ते तिने पाळलं. पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, पण रुखमाबाई टॉकीजची पायरी चढली नाही. शालिकरामची ड्यूटी काही सुटत नव्हती.

सत्त्याऐंशी साली तो रिटायर झाला. मालकांनी नारळ दिला, शाल दिली आणि बॅटरी परत घेतली. शाल पांघरून तो घरी आला, पण उजवा हात सारखा काहीतरी शोधत होता. आणि योग असा, की त्याच आठवड्यात तोच जुना सिनेमा दुपारच्या खेळाला पुन्हा लागला.

"अवो, चला ना," रुखमाबाई म्हणाली. "आई मेल्यावर पुढं काय होते, मले अजून मालूम नाही. लाजेनं मानच वर केली नव्हती मी. शुक्रवारी बोर्ड बदलते, मंग राहूनच जाईन."

"जाऊ वं. पण पहिले बॅटरी घेतो."

"बॅटरी कायले? तिथं नवा माणूस आहे ना दाखवाले!"

"अन् मी दुसऱ्याच्या उजेडात जाऊन बसू?" शालिकराम म्हणाला. त्याच्यापुरता विषय संपला होता.

महालात मनोहररावांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी मोठ्या उत्साहाने नवा माल मांडला. "हे घ्या शालिकभाऊ, चार्जिंगवाली. सेलची कटकटच नाही. मागचं झाकण काढा, ह्या पिना भिंतीतल्या प्लगात खोचा, झालं काम. झोत तर पाहा, इथून मारला तर सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाते!"

"किल्ल्यावर कोणाले बसवाचं आहे मले?"

मनोहररावांनी दुसरी काढली. तिला सायरन होता. चोर पळते म्हणाले. "अन् सिनेमातले लोक?" शालिकरामने विचारलं. तिसरीला बाजूने ट्यूबलाइट होती. "मी बॅटरी मागतली भाऊ, मांडव नाही मागतला." चौथी दिसायला बरी होती, पण बटण दाबलं की खट्ट वाजायचं. "तिकडं हिरोईन रडून राहिली, अन् इकडं हे खट्ट! चालन काहो?"

शेवटी त्याने मनोहररावांनाच मागच्या गोडाऊनमध्ये नेलं, दार ओढून घेतलं, अंधारात त्यांना पुढे घालून एका पोत्यावर नेऊन बसवलं आणि उजेड कुठे कुठे सांडतो ते पाहिलं. मग दुसरी बॅटरी घेऊन परत आणलं, पुन्हा बसवलं. गिऱ्हाईक गल्ल्याशी खोळंबलेलं, आणि दुकानाचा मालक आपल्याच गोडाऊनमध्ये प्रेक्षक होऊन बसलेला. असं दोन दिवस चाललं. एक बॅटरी घरी आली आणि सकाळी परत गेली. दुसरी हातात जड लागली.

"एवढं तर मले पाहाले आले होते तवाही नाही पाहिलं तुम्ही," रुखमाबाई म्हणाली. ती हसत होती, पण नजर कॅलेंडरवर होती.

शेवटी बुधवारी एक लहानशी निळी बॅटरी पसंत पडली. बटण मुकं, झोत आखूड. मनोहररावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ती रात्रभर चार्जिंगला लागली.

गुरुवारी दुपारी रुखमाबाईने ठेवणीतलं पातळ नेसलं. गेटवरचे लोक "तिकीट कायचं, तसेच जा" म्हणत होते, पण शालिकरामने रीतसर तिकिटं काढली. आत नव्या डोअरकीपरने उजेड दाखवायला हात उचलला, तर याने त्याला हातानेच थांबवलं. खिशातून निळी बॅटरी निघाली. काचेवर दोन बोटं, पावलापुढे हातभर उजेड. एखाद्या राणीला न्यावं तसं त्याने बायकोला नेलं. रुखमाबाई कडेच्या खुर्चीवर बसली. आता हा बाजूला बसणार, तेवढ्यात दाराचा पडदा हलला.

नवा डोअरकीपर पान खायला सटकला होता. दाराशी एक जोडपं अंधारात हात पसरून चाचपडत उभं होतं. शालिकरामने काही ठरवलं नाही. पाय आपोआप वळले. जित्याची खोड ती! त्याने त्या जोडप्याला बसवलं, मागून आलेल्या म्हाताऱ्याला बसवलं, कॉलेजच्या पोरांना बसवलं. बॅटरी कशी लोण्यासारखी चालत होती. रिटायर झाल्यापासून इतकं सुख त्याला झालं नव्हतं.

मग पडद्यावर सनई वाजली. शालिकरामला मान वर करायची गरजच नव्हती. ही सनई थांबली की आई मरते. ती थांबली. अंधारात इकडे तिकडे नाकं ओढल्याचे आवाज आले, आणि त्यात एक हुंदका त्याच्या ओळखीचा होता.

तो धावतच खाली आला. उजेडात आधी रुखमाबाईच्या चपला दिसल्या, मग बाजूची रिकामी खुर्ची. ती पदर तोंडाला लावून बसली होती. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"ओ बॅटरीवाले, बसा ना खाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

रुखमाबाईने पदर खाली घेतला. "तिकीट आहे काय तुमच्यापाशी?"

शालिकरामने खिसा चाचपला. अर्धं तिकीट निघालं, ते मुकाट्याने तिच्या हातात दिलं. तिने ते पाहिल्यासारखं केलं आणि त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली. काचेवर दोन बोटं आडवी धरली, गुडघे एका अंगाला घेतले आणि रिकाम्या खुर्चीवर उजेड पाडला, अगदी खाली, कोणाच्या तोंडावर जाणार नाही असा.

"या जी," ती म्हणाली, "इकडून दुसरी."

तो तिच्या पुढून सरकत गेला आणि बसला. मग रुखमाबाईने त्याच्या बाहीला डोळे पुसले, आणि बॅटरी खेळ सुटेपर्यंत काही परत दिली नाही.