नकाराची जिलबी

आमच्या शहाद्याच्या साहेबांना निराश करू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी स्वतः मनापासून प्रयत्न करून पाहिला. ठिबक सिंचनाचे संच विकणाऱ्या आमच्या टोळीचे ते मॅनेजर. वेचून वेचून लाजाळू माणसं त्यांच्या वाट्याला आलेली, आणि त्यात मी अव्वल. शेतकऱ्याच्या ओट्याजवळ पोचलो की कुत्रं भुंकायच्या आधीच मी मागे फिरायचो. साहेबांनी निदान केलं, की आम्ही नकाराला भितो, तेव्हा आधी नकाराचे लाड केले पाहिजेत. झालं! दिवसभरात ज्याला सगळ्यात खणखणीत नकार मिळेल, त्याला संध्याकाळी सगळ्यांसमोर गरम जिलबी आणि टाळ्या.

भीती पळाली, खोटं कशाला बोलू? पण तिच्या मागोमाग विक्रीही पळाली. आम्ही पार अक्कलकुव्यापर्यंत नकार वेचत हिंडू लागलो. कुणी अदबीनं "विचार करून सांगतो" म्हणालं, की दिवस वाया. कुणी काठी उगारली, की आम्ही त्याचे हात जोडून आभार मानायचो. मग तो बिचारा ओशाळून चहा टाकायला सांगायचा आणि आमची पंचाईत व्हायची. एकदा आमच्यातला एकजण कळसाडीहून तोंड पाडून परतला. घरी काही बरंवाईट झालं की काय, म्हणून साहेब धावले.

"साहेब," तो पुटपुटला, "त्यासनी लई लिधं."

साहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शेतकऱ्यानं संच घेतला तर घेतला, असं होतं कधीकधी, खचायचं नाही, म्हणाले.

शेवटी मुख्य कार्यालयाला जाग आली. नाशिकहून एक तरणा अधिकारी साहेबांना कामावरून काढायला आला. आम्ही दाराबाहेर, जीव टांगणीला. साहेबांची मुलगी अजून कॉलेजात होती, आणि या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार होतं? अधिकाऱ्यानं आधी पाऊसपाण्याचं विचारलं, मग केळीच्या भावाचं, मग टेबलाकडे बघत काहीतरी पुटपुटला. साहेबांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"असं नही रे भाऊ. मन्हाकडे देखीसन बोल."

तो पुन्हा पुटपुटला. साहेबांनी त्याला उभं केलं, खांदे सरळ करायला लावले, घोटभर पाणी पाजलं आणि परत म्हणायला लावलं. अखेर त्याचा आवाज आम्हाला बाहेर स्वच्छ ऐकू आला. उद्यापासून साहेबांनी येऊ नये, असं तो म्हणाला.

"आते जमनं," साहेब म्हणाले.

ते हसतच बाहेर आले, पण पायाला चप्पल काही सापडेना. मी वाकून ती सरळ करून ठेवली. त्यांना उभारी येईल असं काहीतरी बोलावं, असं फार वाटत होतं. तेच तर ते आम्हाला रोज शिकवत आले होते. शेवटी मी गरम जिलबी आणायला धावलो.