डालडाच्या डब्यातली रसभरी

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, असं आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा नव्या माणसाला सांगायचा. तुम्हीही तसंच करा. पण वजा करूनही एवढं उरतंच, की त्या काळी आख्ख्या आदिलाबादेत क्वार्टरच्या मागं डालडाच्या डब्यांत सफरचंद, स्ट्रॉबेरी न् खजूर पेरणारा कारकून मी एकटाच. सफरचंदाचं रोप वीतभर झालं आणि वैशाखाचं पहिलं ऊन बघून त्याच दिवशी काश्मीरला परत गेलं. स्ट्रॉबेरीचं बी मुंग्यांनी वाजतगाजत नेलं. खजुराचा कोंब असा जोरात निघाला, की डबा फुटल्याचा आवाज पन्नास मैलांवरच्या निर्मल गावात ऐकू गेला. निम्मं वजा करा. वाटेवरच्या इच्चोड्यापर्यंत तरी गेलाच.

हा सगळा खटाटोप मायसाठी. तलमडुगूकडच्या आमच्या गावात निंदणाला तिचा हात धरणारी बाई नव्हती. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या कापसातलं, ज्वारीतलं तण काढलं, त्यावर मी शिकलो न् नोकरीला लागलो. तिचे गुडघे गेले तेव्हा तिला शहरात घेऊन आलो. इथं ती फरशीवर बसून स्वतःच्या हातांकडं बघायची.

"हाताले काम नाही, त तोंडाले भाकर कायले?" म्हणायची आणि अर्धी भाकर ताटात ठेवायची.

"अहो, माय टिकत नाही इथं," बायको मला म्हणाली. "काहीतरी करा."

त्या वर्षी हैदराबादला प्रशिक्षणाला गेलो असताना गाड्यावर रसभरी खाल्ली होती. कागदासारखं टोपण, आत सुपारीएवढं केशरी फळ, आंबटगोड. तिचं बी टीपकागदावर वाळवून आणलं.

"माय, हे एक फळ खाल्लं, की दोन दिवस भूक लागत नाही!"

"मंग लोकं ज्वारी काऊन पेरतेत?" माय म्हणाली. पण डबा तिनं जवळ ओढला. "आयक. दसऱ्याले गावची मंडळी दीक्षाभूमीवर जाते. तोवर या डब्यात फळ दिसलं त मी राह्यली. नाहीतर नागपुराहून सीधी गावात. माह्या इळ्याले धार हाय अजून."

विळ्याला होती, गुडघ्यांना नव्हती. उकिडवं बसली की उठताना भिंत धरायची. पुन्हा निंदणाला गेली असती तर वावरातच बसून राहिली असती.

बुद्ध जयंतीच्या दुसऱ्या दिवशी बी पेरलं. रोपं चार बोटं वर आली आणि नेमकं मला जमाबंदीच्या कामाला बेज्जूरकडं जावं लागलं. आठवड्यानं परतलो, तर डबा असा साफ, की त्यात भाकर थापावी.

"चिरबोटी माजली होती रे तुह्या डब्यात," माय अभिमानानं म्हणाली. "सारी उपटून टाकली. आता येऊ दे तुह्यं बी."

चिरबोटी म्हणजे शेतात आपोआप उगवणारं तण. कागदी फुगा, त्यात मण्याएवढं फळ. रसभरी तिचीच मोठी बहीण. लहानपणी दोघींचं पान सारखंच. चाळीस वर्षांत न चुकलेला हात इथंही शिस्तीत चालला होता.

मी तोंड उघडलं. मग तिच्या नखांतली माती दिसली. त्या संध्याकाळी तिनं आख्खी भाकर खाल्ली होती.

"येईल, माय," म्हटलं. "काही बियांना टाइम लागतो."

आत बायकोनं मला धरलं. "खरं सांगून टाका न."

"सांगितलं तर राहील कदाचित. पण पुन्हा कशाला हात लावणार नाही ती."

जन्मभर हौसेनं थापा मारल्या. पण ही एक थाप पचेना. माय त्या रिकाम्या डब्याला रोज पाणी घालायची. बी उरलं नव्हतं. दसरा जवळ आला.

निघायच्या आदल्या दिवशी तिची पिशवी भरून झाली, वर पांढरं लुगडं. "न्हाणीमागचं गवत कापून जाते," म्हणत विळा घेऊन ती मागं गेली. तिकडं पावसाळाभर कुणी फिरकलं नव्हतं. थोड्या वेळानं हाक आली, "ये इकडं."

गेलो. विळा तिच्या हातात तसाच. न्हाणीचं पाणी मुरायचं त्या जागी, गवतातून कमरेएवढं झुडूप उभं, न् त्याला कागदी कंदिलांसारखी फळं लटकलेली. मायनं एक सोललं, तोंडात टाकलं.

"चिरबोटीच हाय," ती म्हणाली. "पण नोकरीले लागलेली. खाऊनपिऊन सुखी." मग माझ्याकडं वळली. "निंदण म्या इथंच फेकलं होतं. म्याच उपटलं ना हे?"

"नाही माय, हे वाऱ्यानं..."

"थापा कचेरीत मार. तुले ठाव होतं?"

मी मान डोलावली.

"अन् जाऊ देत होता मले?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"अरे लेका, चाळीस साल लोकायच्या वावरात काय काय उपटलं आसन म्या, कोणाले ठाव!" भिंतीला टेकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम गंभीर झाली. "पण बोली डब्याची होती. डब्यात फळ कुठं हाय?"

माझं तोंड उतरलं. तिनं एक पिकलं फळ तोडलं, लंगडत डब्यापाशी गेली आणि ओल्या मातीवर ते अलगद ठेवलं.

"दिसलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली, पण विळा न्हाणीच्या खुंटीला टांगून. परत आमच्याच दारी उतरली. बरोबरच्या बायका मला सांगत होत्या, पदरात बांधलेल्या रसभऱ्या दाखवत ती वाटभर बोलत होती, "आंब्याएवढाल्या होत्या वं बाई. परवासात सुकल्या."