आईचा नंबर

आमच्या आईला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तेवढ्यावर तिचं उत्तम चाललं होतं.

तो शब्द म्हणजे नंबर. शेताला नंबर होता, एसटीला नंबर होता, अण्णांच्या (म्हणजे वडिलांच्या) चष्म्याला नंबर होता. भाकरी टम्म फुगली की ती एक नंबर, आणि मी उशिरा उठलो की मी नंबरी. जामखेडकडच्या आमच्या गावात कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की आई हळूच म्हणायची, "आता त्येंचा नंबर." एका शब्दाकडून एवढी कामं करून घेणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. मी मॅट्रिक झालेला (एकदाचा!), मला शब्द पुष्कळ येत, पण वेळेला एकही धावून येत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र नंबर म्हणजे पाण्याचाच. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून बायका पहाटेच देवळापाशी आपापले हंडे ओळीने मांडत आणि कामाला निघून जात. हंडा जिथे, तिथे त्या घराचा नंबर. दुसऱ्याच्या हंड्याला कोणी हात लावत नसे. आमची आई तेवढी स्वतःचाच हंडा मागे सरकवायला कायम तयार. बाळंतीण आली, तू हो पुढं. म्हातारी आली, तुमी व्हा पुढं. अण्णा चिडायचे.

"अगं, समद्यांना पुढं घालतीस, मग आपन कवा प्यायचं?"

"नंबर काय पळून जातोय व्हय?" आई म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

त्याच काळात तिच्या पोटात दुखायला लागलं. तिने ते कितीतरी दिवस कोणाला कळू दिलं नाही. तिचं जेवण तुटलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा अण्णांनी तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पोटाचे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकदाच बसत, तेही दुपारपर्यंत. आम्ही पहिली एसटी पकडली. पोचलो तेव्हा व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. पहिला नंबर आमचा!

शहाण्या माणसांनी तिथेच बसून राहायचं. पण आईला बसवेना, आणि समोर लिंबाखाली चांगली सावली होती. अण्णांनी जरा विचार केला, पायातली एक वहाण काढली आणि डॉक्टरांच्या दाराशी ठेवली. लागला नंबर. आम्ही आईला लिंबाखाली आडवं केलं आणि निर्धास्त झालो.

मागून पाथर्डीकडचा एक म्हातारा आला. त्याने वहाणेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिच्यामागे आपली काठी ठेवली. (दुष्काळी भागातल्या माणसाला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.) काठीमागे टोपी आली, टोपीमागे शिदोरी, शिदोरीमागे औषधाची रिकामी बाटली, तिच्यामागे आणखी एक काठी. बघता बघता व्हरांडा सामानाने भरला आणि आजारी माणसं सगळी लिंबाखाली!

डॉक्टर आले. त्यांनी ती वरात बघितली.

"पेशंट कुठायत?" त्यांनी शिपायाला विचारलं.

शिपाई नुकताच चहा पिऊन आला होता. "आज न्हाईत वाटतं, साहेब."

डॉक्टर आत गेले. झाडणाऱ्या मावशींनी तो सगळा पसारा केराबरोबर कोपऱ्यात लोटला, आणि लिंबाखाली जो गलका उठला तो विचारू नका. ज्यांना चालवत नव्हतं ते पळत आले.

"माझी टोपी काठीच्या मागं हुती."

"कंच्या काठीच्या? ही काठी माझी हाय."

अशा वेळी शिकलेल्या माणसाने पुढे व्हायचं असतं, अशी माझी समजूत होती. मी पायरीवर चढलो. "गप बसा समदे, मी नंबर लावतो," म्हणालो आणि सामान उचलून ओळ मांडायला लागलो. टोपी पुढे ठेवली की काठीवाला भांडे, काठी पुढे ठेवली की शिदोरीवाली भांडे. शेवटी कशीबशी ओळ जमली, तर अण्णांची वहाणच सापडेना. सगळे शोधायला लागले. ती माझ्या हातात होती. इतका वेळ मी तीच उगारून लोकांना गप्प करत होतो.

तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. आई तिथे भिंतीला धरून उभी होती आणि कडेवर तान्हं असलेल्या एका पोरीला आत पाठवत होती. "जा बाई, लेकरू तापलंय." तिच्यामागून पाथर्डीचा म्हातारा गेला. मग शिदोरीवाली.

"आई, पहिला नंबर आपला हाय."

"आसंल की. पळून जातोय व्हय?"

आम्ही सगळ्यांत शेवटी आत गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग आईला बाहेर बसवून ते आम्हाला म्हणाले, "फार उशीर झालाय."

मी विचारलं, "आज शेवटी आलो म्हणून का?"

डॉक्टर म्हणाले, "तासा-दोन तासांची गोष्ट नाही हो ही. वर्षभराची आहे."

बाहेर आईने विचारलं, "काय म्हनले?"

अण्णा खाली वाकून उगाच वहाण नीट करत राहिले. मग म्हणाले, "दोन नंबरचं दुखनं हाय म्हनले. एक नंबरचं असतं तर काळजी हुती."

"बरं झालं," आई म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. चारचौघांत अण्णांच्या शेजारी न बसणारी ती बाई परतीच्या एसटीत त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी पुढच्या बाकावर जामखेडपर्यंत रडत होतो.

पाऊस यायच्या आतच ती गेली.

त्यानंतर पहिल्यांदा टँकरवर मी गेलो. हंडा ओळीच्या शेवटी ठेवला, तर बायकांनी तो उचलून सर्वांत पुढे नेला. मला भरून आलं. आता आपण आईसारखं वागायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि मागच्या काकूंना म्हणालो, "तुमी भरा आधी."

"न्हाई रं बाबा, तू भर."

"न्हाई, तुमीच."

"आरं, तुझ्या आईनं मला कितींदा पुढं घातलं. भर तू."

दोघांचेही डोळे वाहत होते, आणि टँकरची नळीही. सगळं पाणी मातीत.

"आरं, दुष्काळ हाय का लगीन?" वरून ड्रायव्हर म्हणाला. "भरा की कुनीतरी."

अर्धा हंडा घेऊन मी घरी आलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं.

"तुझी आई नंबर द्यायची," ते म्हणाले, "पन हंडा भरून आनायची."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याला अण्णाच जायला लागले.