लोणच्याच्या बरणीतली वीज

बाबांचा जीव अठराव्या शतकाच्या मध्यावर अडकला होता. दिल्लीतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, पण खरी गोडी त्या काळाची. "त्या लोकांकडे मीटर नव्हते," ते सांगत. "वीज किती आहे ते बघायचं तर स्वतःच्या अंगावर घ्यायची!" मग त्यांची लाडकी गोष्ट यायची. वीज साठवणारी काचेची बरणी तेव्हा नुकतीच सापडली होती. परदेशातल्या एका राजासमोर शिपायांना हातात हात देऊन गोल उभं केलं. पहिल्याने बरणी धरली, शेवटच्याने तिच्या झाकणातल्या सळईला बोट लावलं आणि सगळे एकदम उडाले. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की आता मीच उडायची बाकी होते.

दादाने मात्र ती लहानपणी तोंड उघडं टाकून ऐकली होती. बाबांचा खरा विद्यार्थी तोच. त्याने कलेक्टर व्हावं असं बाबांनी ठरवलं, तोही परीक्षा देत राहिला आणि एक दिवस सगळं सोडून फरीदाबादला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागला. बाबा चारचौघांत म्हणाले, "आता नटबोल्ट मोजत बस." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत. दादा वर्षातून एकदा, गणपतीला, आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर यायचा. तो हॉलमध्ये, बाबा आतल्या खोलीत. "बाबांना सांग, प्रमोशन झालं." मी आत जाऊन सांगायची. "त्याला सांग, छान." मी बाहेर येऊन सांगायची. पोस्टमन तरी रविवारी सुट्टी घेतो. चीड यायची मला दोघांचीही.

रिटायर झाल्यावर बाबांनी आईची लोणच्याची बरणी पळवली. तिला आतून-बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल चिकटवली, प्लॅस्टिकच्या झाकणातून एक लांब खिळा आत सोडला आणि त्याला आतल्या फॉइलपर्यंत पोचणारी साखळी बांधली. आई आठवडाभर कुरकुरत होती. गणपतीच्या दिवशी आरती झाल्यावर ते बरणी घेऊन हॉलमध्ये आले. प्लॅस्टिकचा पाइप लोकरीच्या मफलरवर खसाखसा घासून खिळ्याला लावत राहिले, मग आम्हाला गोल उभं केलं. त्यांच्या एका हातात बरणी. दुसरा हात त्यांनी दादापुढे केला. दादाने क्षणभर त्या हाताकडे बघितलं आणि धरला. पुढे वहिनी, आई आणि खिळ्याला बोट लावायला मी. वीज हे नुसतं निमित्त होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मी बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा पाइप घासला, पुन्हा हात धरले, पुन्हा काही नाही. बाबांचा चेहरा पडला.

"बाबा," दादा म्हणाला. थेट. "हवा दमट आहे ना. काचेला ओल धरते, वीज टिकत नाही. तुम्हीच शिकवलंय. थंडीत करायला हवं."

"थंडीत येशील?"

"येतो ना. बिल्कुल."

हात अजून सुटले नव्हते. माझे डोळे भरून आले, म्हणून मी मोदक आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले.

थंडी पडली. रविवारी दुपारी ऊन आलं की बाबा बरणी पुसून बाल्कनीत बसायचे. स्वेटर काढताना चटचट आवाज झाला की खूश होऊन म्हणायचे, "आज झटका नक्की लागला असता." दादाचं कधी रविवारी काम निघायचं, कधी धुकं, कधी गाडी बंद. त्याच्या मनात काही नव्हतं. झालं गेलं मिटलं, आता काय घाई, असं त्याला वाटत असावं. मी फोन हातात घेतला की बाबा अडवायचे. "बोलावून आणण्यात काय मजा? त्याने कबूल केलंय." मी ऐकलं. दोघांचे इतके निरोप पोचवले आणि हा एक, ज्याची खरी गरज होती, तो पोचवला नाही. याचं वाईट वाटायचं काही थांबत नाही.

थंडी सरता सरता बाबा गेले.

दिवसकार्य उरकून पाहुणे परतले, त्या दुपारी घरात आई, दादा आणि मी एवढेच होतो. आई झोपली होती. दादाने कपाटावरून बरणी काढली आणि बाबांच्याच मफलरवर पाइप घासत बसला. किती वेळ घासला कोण जाणे. मग एका हातात बरणी धरून त्याने दुसरा हात माझ्यापुढे केला, अगदी बाबांसारखा. मी तो धरला आणि खिळ्याला बोट लावलं.

कोपरापर्यंत सणसणीत झटका बसला. आम्ही दोघं एकदमच उडालो.

"लागला! अगं, लागला यार!" दादा लहानपणीसारखा ओरडला. त्याचा चेहरा उजळला होता. "बाबांना सांग!"

आणि मी सांगायला आतल्या खोलीकडे निघालेसुद्धा.