तायडे सरांचं पेन

कोणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी तायडे सर खिशातलं पेन काढून माझ्या हातात द्यायचे. अकोल्याच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवायचे, मी अर्थशास्त्र. सुट्टीत त्यांच्या प्रबंधासाठी आम्ही खेडी फिरायचो. म्हणजे काम ते करायचे आणि मी पेन सांभाळायचो. "पेन दिसलं का मानूस सरकारशी बोलते, आपल्याशी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गप्पा संपल्या की गावाबाहेर बांधावर बसून ते ऐकलेलं सगळं उतरवून काढत. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

प्रबंध त्यांच्याच लोकांवर होता. बौद्ध झाल्यावर घराघरांत काय बदललं, हा विषय. आपल्याच माणसांचा अभ्यास तटस्थपणे कसा होणार, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणायचंच. सर चहा संपवून विचारत, "तुमी तुमच्या लोकायवर लिवलं तं शास्त्र, अन् मी लिवलं तं घरचं गाऱ्हानं?" बोलायला असे खमके, पण मुळात भारी घाबरट माणूस. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहायचे. विद्यापीठाचं पाकीट आलं की मला उघडायला लावायचे.

असंच एक पाकीट आलं. मार्गदर्शकांनी प्रबंधातल्या एका पानाचं भरभरून कौतुक केलं होतं, आणि पुढच्या महिन्यात अमरावतीच्या परिषदेत तेच वाचा, असं बजावलंही होतं. मी पेढे मागितले. सरांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

ते पान त्यांच्या मामीवर होतं. दीक्षेनंतर साऱ्या वस्तीने घरातले देव वर्धा नदीत सोडले. मामीने मात्र देवीचा एक चांदीचा टाक ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. भाच्याला जेवू घालताना ती सहज बोलून गेली आणि भाच्याने ते बांधावर बसून उतरवलं. गावाचं नाव बदललं, बाईचं गाळलं, पण सवयीने बाकी सगळं जसंच्या तसं आलं: पडक्या काठाची विहीर, दोन चिंचा, एकट्या बाईचं घर. परिषदेला त्या गावची कॉलेजात शिकणारी पोरं येणार होती.

"वस्ती तिच्याशी बोलनं सोडून देईन, भाऊ," सर मला म्हणाले. "या वयात ती कोनाकडं पाहीन?"

पान काढावं तर मार्गदर्शक दुखावणार, पदवी लटकणार. आणि पदवीशिवाय त्यांची नोकरी पक्की होणार नव्हती. पंधरा दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. हजेरी घेताना एकच नाव दोनदा पुकारायचे. त्यांच्याकडे पाहून मलाही धड झोप लागेना. शेवटी मीच म्हणालो, चला, मामीलाच विचारू.

एस.टी.त ते सगळा वेळ पिशवीवर हात दाबून बसले होते. मामीच्या दाराशी मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पेन खिशातच राहिलं.

मामीला वाचता येत नव्हतं. तिने वाचून दाखवायला सांगितलं. सर वाचू लागले आणि 'जुन्या श्रद्धेचा अवशेष' या शब्दांशी थांबले. म्हणजे काय, असं तिने विचारलं. जुना देव मनातून गेला नाही म्हणून ठेवला, असा अर्थ सरांनी अडखळत सांगितला.

मामी म्हणाली, "देव तं मी पह्यल्याच दिवशी सोडला, नामदेव. आठ वर्साची आली मी या घरात. माय नव्हती मले, सासूनंच वाढोलं. मरताना तिनं तो माह्या हातात देल्ला. तिले कशी बुडवू पान्यात?" मग भाच्याकडे वळून म्हणाली, "काहून ठेवला, हे तुनं ईचारलंच नाही."

सरांनी पान तिच्या हातात दिलं. तिने घडी करून ते कणगीत ठेवलं आणि आमच्यासाठी भाकरी थापायला बसली.

परिषदेला सर गेले नाहीत आणि प्रबंधातूनही ते पान त्यांनी काढलं. मार्गदर्शकांनी राग धरला आणि पदवी चार वर्षं लांबली. तोवर नोकरी दरवर्षी टांगणीला लागायची. मला त्यांचं पेन पुन्हा कधी सांभाळावं लागलं नाही. आता ते दारातच पेन काढून समोरच्याला दाखवायचे. मग विचारायचे, "मी लिवून घेनार आहो. चालते का?"

पुष्कळ जण नाही म्हणाले. सर त्यांना हात जोडून पुढच्या दाराकडे वळायचे, आणि तिथेही आधी पेनच दाखवायचे.