शिल्पाच्या डोळ्यांचं पाप

हितेंद्र स्वामींचं नाव निघालं की कुंदाबाईंच्या कपाळाची शीर उडायची. पाच वर्षांपूर्वी हा माणूस जळगावात ठिबकच्या नळ्या विकायचा. आता पारोळ्याच्या मंगल कार्यालयात दर रविवारी तो पांढरा झगा घालून बसे आणि येशूने पुनर्जन्म शिकवला होता, चर्चवाल्यांनी तो दडवला, असं सांगे. येशूभोवतीची माणसं पुन्हा खानदेशातच जन्मली आहेत, अन् ती आपल्याला ओळखू येतात, हेही वर.

कुंदाबाई दवाखान्यात आया होत्या. रविवारी त्या चर्चला जात आणि नवरा तोताराम रिक्षा घेऊन पारोळ्याला. हे त्यांनी वर्षभर दात खाऊन सोसलं. पण एका रविवारी तो एकोणीस वर्षांच्या आंधळ्या लेकीला, शिल्पाला, सोबत न्यायला निघाला, तेव्हा कुंदाबाईही रिक्षात चढून बसल्या.

स्वामींनी शिल्पाला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला.

"येशू क्रुसावर तडफडत होता, तेव्हा ही पोर गर्दीत उभी राहून हसत होती. ते हसणं हिच्या डोळ्यांनी फेडलं." मग सभेकडे वळून म्हणाले, "शिष्यांनी येशूला विचारलं होतं, हा माणूस जन्मापासून आंधळा, पाप कुणाचं? याचं की आईबापाचं? आता जन्माआधी पाप करायचं तर मागचा जन्म हवाच ना?"

तोताराम हात जोडून रडत होता. शिल्पाची मान खाली गेली होती.

कुंदाबाई उठल्या. "पुढचं सांगा की! येशूने काय उत्तर दिलं?"

"बाई, खाली बसा."

"कुणाचंच पाप नाही, असं म्हणाला तो. अन् त्या माणसाला डोळे दिले. तुम्ही देता का माझ्या पोरीला?"

सभा खवळली. "हिला बाहेर काढा!" दोन बायांनी त्यांना दंडाला धरून ओढलं, पदर फाटला. तोताराम जागचा हलला नाही. शिल्पाच चाचपडत आईच्या आवाजामागे बाहेर आली.

घरी आल्यावर तोताराम पहिल्यांदाच मोकळं बोलला. "मनी चूक नव्हती, कुंदा. बठ्ठं तिनं मांगला जलमनं शे."

आणि कुंदाबाईंना लख्ख उमगलं, हा माणूस वर्षभर पारोळ्याला काय आणायला जात होता ते. शिल्पा सातव्या महिन्यात जन्मली होती. महिन्याच्या आत डोळे तपासून घ्या, नाहीतर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुंदाबाई तापाने अंथरुणाला खिळलेल्या. "डोळे उघडते की पोरगी, कशाला धावाधाव," म्हणत तोतारामने तीन महिने घालवले.

"तुझी चूक नव्हती? तुझा आळस पोरीच्या मागच्या जन्मावर लोटतोस?" कुंदाबाई म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, त्याचं हे फळ?"

शिल्पा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे मला दिसलं असतं?" तिने विचारलं.

तिने आईशी आठ दिवस अबोला धरला. बापाशी धरला तो अजून सुटलेला नाही.

चर्चमध्येही धड झालं नाही. तिथले वडीलधारे म्हणाले, "त्या पाखंड्याच्या सभेत तुम्ही गेलातच कशाला? माफी मागा." कुंदाबाईंनी मागितली नाही. आता त्या घरीच प्रार्थना करतात.

पुढच्या उन्हाळ्यात शिल्पाला धुळ्यात एका संस्थेत टेलिफोनवर बसायची नोकरी लागली. मायलेकींनी तिथे खोली घेतली. दिवाळीत तोताराम आला. स्वामींनी त्याला नवी ओळख दिली होती. येशूचा क्रूस ज्याने खांद्यावर वाहून नेला, तो म्हणे हाच. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

कुंदाबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेरच पाणी दिलं. तो गेल्यावर पेला घासला आणि दाराला कडी घातली.