दांडग्या वळूची कांडी

लाल साबणाचा वास आला की मला आमच्या गोठ्यातली ती सकाळ आठवते. पहिलारू कालवड पहिल्याच वेताला अडली होती. वासराचे पुढचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते. डॉक्टरांनी कोपरापर्यंत साबण चोळून आत हात घातला, आम्ही तिघांनी दोरी ओढली, आणि तासाभराने एवढं थोरलं वासरू बाहेर आलं की मी बघतच राहिलो. ते मेलेलं होतं. "कसल्या वळूच्या रेताची कांडी भरली तुमी?" मी डॉक्टरांवर ओरडलो. ते शांतपणे हात धूत म्हणाले, "भाऊ, गाभण करायच्या वेळी मी लहान वासरं देणाऱ्या वळूची काढली हुती. त्या दांडग्याची वासरं मोठी निपजतात, पहिलारूला झेपत न्हाईत, हे बी सांगितलं. तुमी म्हनला, हलका माल माझ्या गळ्यात मारू नका, दांडग्याचीच भरा." दारातून बायको म्हणाली, "व्हय, मी हुते की तिथं." एका गाईच्या बारा केल्या, बाजारात कुणाला हार गेलो नाही, पण तेव्हा मी खाली बघून दोरी गुंडाळू लागलो. कालवड मेलेल्या वासराला चाटत होती. आता कांडी डॉक्टरच निवडतात. राग मात्र अजून आहे: त्या दिवशी त्यांनी माझ्याशी आणखी थोडं भांडायला हवं होतं.